अनुमोदक : घर क्रमांक सतरा

सिस्टर दारात आल्या तेव्हा मी कैरीच्या फोडींना हळद-मीठ चोळत होते. हात बरबटलेले, म्हणून बसल्या जागेवरूनच या म्हणाले. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे धरली. अक्षर माझंच होतं. महिन्यापूर्वी झालेल्या आमच्या सोसायटीच्या सभेचं ते इतिवृत्त. मी म्हटलं, यात नवीन काय, मीच लिहिलंय की. त्या म्हणाल्या, "चौथा ठराव वाचा, बाई. मोठ्यानं वाचा."

मी वाचला. 'कॉलनीच्या मागील बाजूचे फाटक सुरक्षेच्या कारणास्तव कायमस्वरूपी बंद करण्यात यावे. सूचक : घर क्रमांक सोळा. अनुमोदक : घर क्रमांक सतरा. ठराव सर्वानुमते मंजूर.'

घर क्रमांक सतरा म्हणजे सिस्टर स्वतः. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, हे आधीच कबूल करते. मला वाटलं, शुद्धलेखनाची चूक सापडली असेल. अकरा वर्षं मी या सोसायटीची सचिव आहे आणि अकरा वर्षांत माझ्या वहीत कुणाला काना-वेलांटीची चूक सापडलेली नाही. त्याचा मला फार तोरा होता.

आमची कॉलनी हर्सूलकडे, तुरुंग ओलांडून आत गेलं की. तीस रो-हाऊस, मध्ये मोकळी जागा, त्या जागेत पत्र्याचं शेड. मागच्या भिंतीला एक लोखंडी फाटक आणि फाटकापलीकडे वस्ती. कॉलनीत त्या लोकांना 'मागचे' म्हणतात. मीही म्हणत असे. मागची पोरं, मागच्या बाया. त्यांचा शाळेचा आणि बसथांब्याचा रस्ता आमच्या कॉलनीतून जायचा. सिस्टर मुळात त्याच वस्तीतल्या. सगळी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्यामुळे इथे त्यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी सतरा नंबर घेतला तो मागच्या भिंतीलगत आहे म्हणून. बाकी कुणाला ते घर नको होतं. सिस्टरना तेच हवं होतं, कारण फाटकातून पलीकडे गेलं की चौथं घर त्यांच्या आईचं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, साखरेने पोखरलेली आणि हट्टी. स्वतःचा उंबरा सोडून लेकीकडे राहायला यायला तयार नाही. सिस्टर सकाळ-संध्याकाळ डबा आणि इन्सुलिन घेऊन जायच्या, पाच मिनिटांत पोचायच्या.

फाटकाला कुलूप लागल्यापासून त्यांना पुढच्या गेटने हायवेवर निघून, नाल्याला वळसा घालून जावं लागत होतं. गुडघे साथ देतील तसा अर्धा तास, पाऊण तास. हे मला माहीत होतं का? होतं. वाईट वाटलं होतं का? थोडं वाटलं होतं. पण सगळ्यांनी मिळून ठरवलंय त्याला मी एकटी काय करणार, असं मी मनाला सांगितलं होतं आणि मनाने ते मुकाट ऐकलंही होतं.

सिस्टरनी दारातच उभं राहून मला पुढचं सांगितलं, ते मात्र मला माहीत नव्हतं. फाटक बंद केल्यावर आम्ही त्याच्या पलीकडच्या अंगाला एक पाटी लावली होती. मजकूर माझाच : 'हा मार्ग सोसायटीने सर्वानुमते बंद केला आहे.' वस्तीतल्या शाळकरी पोरींनी ती पाटी म्हातारीला वाचून दाखवली. म्हातारीने विचारलं, सर्वानुमते म्हणजे काय. पोरी म्हणाल्या, म्हणजे सगळे हो म्हणाले, एकही नाही म्हणालं नाही. त्या दिवशी संध्याकाळी सिस्टर हायवेवरून वळसा घालून धापा टाकत पोचल्या तेव्हा म्हातारीने एवढंच विचारलं, "मंग तू बी?" सिस्टरनी नाही म्हणून शपथ घेतली. म्हातारीने फाटकाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ती सुई टोचून घ्यायची, पण लेकीच्या डब्याला हात लावत नव्हती. शेजारीण देईल तेव्हा, देईल ते खायची.

"इन्सुलिन घ्यायचं आन् येळेवर जेवायचं नाय," सिस्टर म्हणाल्या, "म्हंजी काय, ते मी जन्मभर वार्डात बघितलंय. दोनदा साखर उतरली तिची. दुसऱ्या टायमाला तर मला वळखत नव्हती."

मायला पुरावा दाखवावा म्हणून त्यांनी अध्यक्षांकडून इतिवृत्ताची झेरॉक्स मागून आणली होती. आपण सभेत विरोध केला, तो कागदावर असणारच, एवढी त्यांची खात्री होती. कागदावर काय निघालं, ते मी नुकतंच मोठ्याने वाचलं होतं.

आता माझा स्वभाव. चूक माझी असली की मला आधी राग येतो. मी तावातावाने त्यांना समजावलं की अनुमोदक म्हणजे तसं काही नसतं. मी सचिव झाले तेव्हा सूचक म्हणून दर वेळी तीच तीन-चार मोठी माणसं नाव लावून घ्यायची आणि बाकीचे धुसफुसायचे. तेव्हा मी पाळी लावून दिली. पहिल्या ठरावाला घर क्रमांक एक सूचक, दोन अनुमोदक. दुसऱ्याला दोन सूचक, तीन अनुमोदक. तिसापर्यंत गेलं की परत एकपासून. बायकांची नावं आली, भाडेकरू ठेवलेल्यांची आली, कुणालाही डावललं गेलं नाही. यापेक्षा लोकशाही पद्धत कुठली असते? त्या दिवशी चौथ्या ठरावाला सोळा-सतराची पाळी होती, त्यात माझा काय दोष? आणि तुम्ही सही केलीतच ना खाली?

"सही हजेरीची व्हती. चहाच्या आधी घेतलेली," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "मी उभी राहिले व्हते, बाई. माझा विरोध हाय, लिहून घ्या म्हणले व्हते. तुमच्याकडं बघून म्हणले व्हते."

झेरॉक्स दारातल्या खुर्चीवर ठेवून त्या गेल्या. मी हात धुतले, आणि आठवायचं नाही असं ठरवूनही मला सगळं आठवायला लागलं.

आमच्याकडे सभेचा दिवस पंचांग बघून नाही, नळाला पाणी कधी येणार ते बघून ठरतो. पाण्याच्या दिवशी सभा ठेवली तर अध्यक्षसुद्धा येत नाहीत. त्या दिवशी पाण्याचा दिवस नव्हता, तो दुसऱ्या दिवशी होता. शेडमध्ये वीस-बावीस जण होते. पंखा गरगरत होता, चहा फिरत होता. फाटकाचा विषय निघाला, दोघं-तिघं चोऱ्यांबद्दल बोलले. माझ्या अंगणातून स्कूटर चोरीला गेली होती, ती मागच्याच फाटकातून गेली असणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि मला ते पटलेलं होतं. तेवढ्यात सिस्टर उभ्या राहिल्या. त्या बोलल्या. त्या बोलल्याच होत्या. आणि त्याच क्षणी बाहेरून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. एक दिवस आधी पाणी आलेलं. अर्ध्या मिनिटात शेड रिकामं झालं. कप बाकावर तसेच. अध्यक्ष चपला शोधत शोधत माझ्याकडे वळून म्हणाले, मंजूर समजा. मीही वही काखेत मारून मोटार चालू करायला पळाले.

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलेलं नाही. मला घरी येऊन काही लिहायचं नव्हतंच. इतिवृत्त आधीच लिहून झालं होतं. मी ते सभेच्या आदल्या दुपारी लिहून ठेवते, ठरावांची यादी हातात असतेच. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, आभार, राष्ट्रगीत. सभेत मी लिहिते असं दिसतं, पण मी फक्त पेन फिरवत असते. सिस्टर बोलल्या तेव्हा मी त्या ओळीकडे पाहिलंसुद्धा होतं. 'सर्वानुमते' हा शब्द इतका छान वळला होता. तो खोडायचा म्हणजे पानावर खाडाखोड. मी मनात म्हटलं होतं, काय करायचंय, समजूत घालता येईल त्यांची.

म्हणजे मला ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं मी दुपारपर्यंत प्रामाणिकपणे समजत होते, आणि ते खोटं होतं. मी खुर्चीत बसले ती उठेचना. कैऱ्यांना पाणी सुटून परातीत ओघळ आले होते.

एकोणतीस वर्षं मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला विषय, पण मी तो कधी उरकून टाकला नाही. 'लोकशाहीत विरोधी मताचे महत्त्व स्पष्ट करा' हा प्रश्न माझा आवडता, चार मार्कांचा. 'अल्पमत' चुकीचं लिहिलं तर मी अर्धा मार्क कापायचे. रोज सकाळी पोरांकडून उद्देशिका म्हणवून घ्यायचे आणि रांगेत कुजबुजणाऱ्याला पुढे बोलावून एकट्याला म्हणायला लावायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांवर किती वेळा वापरली असेल त्याला गणती नाही.

मी अकरा वर्षांच्या वह्या काढल्या आणि वाचायला बसले. इतिवृत्त लिहिणारी बाई आपली वही पुन्हा कधी वाचत नाही, हे मला तेव्हा कळलं. दर सभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', आणि दर सभेत कुणीतरी म्हणतं, वाचलं समजा, आणि मी तसं लिहिते. अकरा वर्षांत एकदाही ते वाचलं गेलं नव्हतं. पानामागून पान, सर्वानुमते, सर्वानुमते, सर्वानुमते. तीस घरं, कुणाचं कुणाशी पटत नाही, पार्किंगवरून गचांडी धरण्यापर्यंत वेळ येते, आणि वहीत मात्र अकरा वर्षं एकही माणूस एकदाही नाही म्हणालेला नाही.

एका पानाशी मी थांबले. शेडजवळचा लिंब तोडायचा ठराव. अनुमोदक : घर क्रमांक नऊ. नऊ नंबरचे काका रोज सकाळी त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. झाड तोडल्यावर त्यांनी कॉलनीत कुणाशी बोलणं टाकलं, आणि आम्ही सगळे म्हणायचो की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्या सभेच्या दिवशी ते गावातच नव्हते. पाचोडला नातीच्या लग्नाला गेले होते. मला हे पक्कं माहीत, कारण त्या लग्नाची पत्रिका आमच्याकडेही आली होती. सभेला हजर नसलेल्या माणसाने, स्वतःच्या आवडत्या झाडाच्या तोडीला, माझ्या सुंदर अक्षरात अनुमोदन दिलं होतं.

संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, फाटक बंद केलं ते त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. मी उडालेच. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस. मग बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, घर तुझ्या नावावर, मत तुझं. आणि तू येऊन सांगितलंस की सगळे हो म्हणाले, मग मीच एकटा कशाला वाकडं बोलू. एवढं बोलून त्यांनी पेपर परत वर केला.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, माणूस सरळ, पण कटकट नको असलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. जुनी इतिवृत्तं उकरली तर सगळेच ठराव खोटे ठरतील, मग लिफ्ट नसलेल्या या सोसायटीत लिफ्टवरूनसुद्धा भांडणं होतील, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच तोडगा काढला. फाटकाची एक किल्ली सिस्टरना देऊन टाकू, त्यांच्यापुरती. कागदाला हात लावायला नको, म्हातारीची सोय होईल, कुणाची हरकत नसेल. मला तो तोडगा इतका आवडला की मी किल्ली तिथेच मागून घेतली आणि जवळजवळ पळत सतरा नंबरला गेले. वाटेत मला स्वतःबद्दल बरंही वाटायला लागलं होतं.

सिस्टरनी किल्लीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"माझ्या एकटीसाठी फाटक उघडायचं, आन् मी आत आले की मागच्या पोरींच्या तोंडावर कुलूप लावायचं, व्हय?" त्या म्हणाल्या. "नको, बाई. फाटक मला पायजेच. पण त्याच्याआधी मी जो नाय म्हणले, तो मला परत द्या. तो माझा व्हता. तुमी तो घेतलाय."

स्कूटर चोरीला गेल्यावर मी पोलिसांत तक्रार दिली होती, चार हेलपाटे घातले होते. इथे एका बाईची वस्तू मी स्वतः उचलली होती आणि वर तिच्याकडेच किल्ली घेऊन मोठ्या मनाने आले होते. किल्ली नेऊन मी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, विशेष सभा बोलवा, नाहीतर मी राजीनामा देते आणि त्यात कारण लिहिते. कारण लिहिते म्हटल्यावर त्यांनी तारीख दिली. पाणी कालच येऊन गेलेलं असेल असा दिवस आम्ही निवडला.

या वेळी शेडमध्ये पंचवीस घरांची माणसं होती. मी कोरी वही घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा पान कोरं असताना मी सभेत बसले होते. आधी मी मागचं इतिवृत्त मोठ्याने वाचलं, मग ते कसं लिहिलं गेलं तेही सांगितलं. पाळीची पद्धत, आदल्या दिवशीचं लिखाण, सिस्टरचा विरोध, माझं न खोडणं. मला वाटलं होतं लोक माझ्यावर तुटून पडतील. पण लोकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भांबावलेपण होतं. एकेक जण विचारायला लागला की माझ्या नावावर काय काय आहे. शेजारशेजारच्या घरांतल्या दोन बायकांना कळलं की घरकाम करणाऱ्या बायकांनी बाकावर बसू नये या ठरावाच्या त्या सूचक आणि अनुमोदक आहेत. दोघींना तो ठरावच माहीत नव्हता. नऊ नंबरचे काका शेवटच्या खुर्चीवर होते. मी लिंबाच्या ठरावाचं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तर पाचोडला होतो." बस्स. ते मला फार लागलं.

मग फाटकाचा ठराव पुन्हा मांडला. मी म्हटलं, आवाजी काही नको, हात वर करा आणि मी मोजेपर्यंत खाली घेऊ नका. बंद ठेवावं म्हणणारे पंधरा. मी पंधरा घरांचे क्रमांक आणि नावं लिहिली. मग उघडावं म्हणणारे. सिस्टरचा हात आधीच वर होता. त्यानंतर नऊ नंबरच्या काकांचा. मग एक, मग आणखी एक. मी मोजत गेले आणि माझाच विश्वास बसेना. नऊ हात होते. ती नऊ माणसं वर केलेल्या हाताने एकमेकांकडे वळून बघत होती. बावीस नंबरची मुलगी, बँकेत जाणारी, म्हणाली की तिला वाटायचं, असं वाटणारी कॉलनीत ती एकटीच. दोघा-तिघांनी माना हलवल्या. त्यांनाही तसंच वाटत आलं होतं, कारण दर वर्षी माझी वही त्यांना तेच सांगत आली होती.

फाटक बंदच राहिलं. पंधराविरुद्ध नऊ. मला वाटलं सिस्टर खचतील. त्यांनी वही मागून घेतली, शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचली, 'विरोधात' या शब्दाखाली स्वतःचं नाव बघितलं आणि सही केली. पुढच्या सभेला विषय परत आणणार, महापालिकेतही अर्ज देणार, पण या वेळी खरा कागद जोडून, एवढं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सकाळी येता का मायकडं? मी सांगून ती ऐकायची नाय. लिवणाऱ्यानं सांगावं."

सकाळी मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याबरोबर निघाले. पुढच्या गेटने बाहेर, हायवेच्या कडेने, ट्रकच्या धुरळ्यातून, मग नाल्यावरच्या मोरीवरून खाली. सिस्टर दर थोड्या अंतराने गुडघा धरून थांबायच्या आणि हातातली इन्सुलिनची थंड पिशवी पदराखाली घ्यायच्या. समोरून दप्तरं पाठीला लावलेल्या पोरी येत होत्या. हायवेच्या कडेने, एकीमागे एक. मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूने आले होते. वस्तीत शिरल्यावर समोरच आमची भिंत, आमचं फाटक आणि त्यावर ती पाटी. माझा मजकूर मी त्या बाजूने कधी वाचला नव्हता. वाचला आणि मान खाली घातली.

म्हातारी बाजेवर बसली होती. अंगाने चिमणीएवढी, डोळे मात्र लखलखीत. सिस्टरनी साखर तपासली, सुई दिली. म्हातारीने दंड पुढे केला, लेकीकडे बघितलं नाही. डबा उघडून ठेवला, त्याच्याकडेही बघितलं नाही. सिस्टरनी मला खूण केली.

मी म्हटलं, मावशी, पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. ते मीच लिहिलं होतं. तुमची लेक तेव्हाही नाही म्हणाली होती, मी ते लिहून घेतलं नाही. आता घेतलंय. आणि मी वाचलं. ठराव, बाजूने पंधरा, विरोधात नऊ, विरोधातली नावं. म्हातारी ओठ हलवत ऐकत होती. लेकीचं नाव आलं तशी म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. ती म्हणाली अजून एकदा. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिने हात पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवलं, नेमकी कुठली ते मला विचारून. मग भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला आणि तोंडात घातला. सिस्टर तोंड फिरवून भांडी लावायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

फाटक बंदच होतं, पण म्हातारी जेवत होती. मला वाटलं, झालं काम. मी वही पिशवीत घालायला लागले. म्हातारीने घास गिळला आणि विचारलं, "आन् तुमचं नाव कंच्या बाजूला हाय, बाई?"

मी वही परत उघडली. बाजूची नावं वाचली. विरोधातली वाचली. पंधरा आणि नऊ चोवीस होतात. सभेला पंचवीस घरं होती. मी पान उलटून पाहिलं, मागे काहीच नव्हतं.

"मी लिहीत होते," मी म्हटलं.

"लिवणाऱ्याला मत नसतंय का?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

सिस्टर भांडी तशीच ठेवून वळल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनाही उत्तर हवं होतं. पण ते फाटक उघडं असावं की बंद, हे मी स्वतःला अजून एकदाही विचारलेलं नव्हतं.